महामार्गावर ताशी चाळीस: इंधनबचतीच्या एका सल्ल्याची तपासणी

इंधन वाचवण्यासाठी महामार्गावर गाडी कशी चालवावी हे सांगणारा एक सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: वेग जितका कमी तितके इंधन कमी लागते, म्हणून रस्ता कितीही मोकळा असला तरी ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असे केल्यास इंधन निम्मेच लागते, वेळ थोडासाच जास्त जातो, हळू चालणाऱ्यापासून कुणालाही धोका नसतो, आणि उतार आला की गाडी न्यूट्रल करावी, म्हणजे तेवढे अंतर फुकट कापले जाते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व खरेही आहे. अडचण अशी की ते तत्त्व जिथे लागू पडत नाही तिथपर्यंत ताणले गेले आहे, आणि त्याचा भार गाडी चालवणाऱ्याइतकाच त्याच्या मागून येणाऱ्यांवरही पडतो. म्हणून यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

‘वेग जितका कमी, तितके इंधन कमी’

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. पहिला टायरचा: रस्त्याला टेकलेला टायरचा भाग सतत दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, त्यात शक्ती खर्च होते, आणि हा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सुमारे १,२०० किलो वजनाच्या, मध्यम आकाराच्या मोटारीचे आकडे मांडले तर चित्र स्पष्ट होते. टायरचा विरोध साधारण १२० न्यूटन धरू. हवेचा विरोध ताशी ४० किलोमीटरला सुमारे ५० न्यूटन, ८० ला सुमारे २०५, १०० ला सुमारे ३२५ आणि १२० ला सुमारे ४६५ न्यूटन भरतो. म्हणजे १२० वरून १०० वर आले की एकूण विरोध जवळपास पाव हिश्शाने घटतो. सल्ल्यातील सत्य एवढेच आहे, आणि ते लहान नाही.

पण याच आकड्यांत त्या सत्याची मर्यादाही दिसते. ताशी ४० किलोमीटरला हवेचा वाटा एकूण विरोधाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरलेला असतो. वेग आणखी उतरवून वाचवण्यासारखे तिथे फारसे काही शिल्लकच नसते. दुसरीकडे, अंतराऐवजी वेळेनुसार वाढणारा एक खर्च असतो आणि सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. इंजिन चालू आहे तोवर त्याच्या आतले घर्षण, तेलाचा आणि पाण्याचा पंप, अल्टरनेटर, दिवे आणि वातानुकूलन हे सारे इंधन मागतच राहतात, मग चाके कितीही सावकाश फिरोत. मध्यम आकाराचे पेट्रोल इंजिन गाडी जागेवर उभी असतानाही तासाला पाऊण लिटरच्या आसपास इंधन जाळते, आणि चालत्या गाडीत फेरे वाढले की हा अंतर्गत खर्चही वाढतो. शंभर किलोमीटर जायला ताशी ८० ने सव्वा तास लागतो, ताशी ४० ने अडीच तास. त्या जास्तीच्या सव्वा तासाचा किमान खर्चच जवळपास एक लिटर होतो, आणि हवेच्या विरोधात जे वाचवले त्यातील बराचसा भाग तो गिळून टाकतो. वातानुकूलन चालू असेल तर हे गणित आणखी बिघडते.

याशिवाय पेट्रोल इंजिनाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. अॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, इंजिनाला हवा ओढून घेण्यासाठीच कष्ट पडतात, आणि जाळलेल्या इंधनाचा कमी हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. शिवाय ताशी ४० ला बहुतेक गाड्या सर्वात वरच्या गिअरमध्ये नीट चालत नाहीत. तिसरा किंवा चौथा गिअर घ्यावा लागतो, आणि त्यामुळे दर किलोमीटरला इंजिनाचे फेरे वाढतात. या सगळ्याची बेरीज केली की बहुतेक पेट्रोल आणि डिझेल मोटारींचा सर्वात काटकसरीचा वेग ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यात, वरच्या गिअरमध्ये आणि स्थिर चालीत येतो. त्याच्या वर गेले की खर्च वाढतो, आणि बराच खाली आले तरी वाढतो.

‘इंधन निम्मेच लागते’

हे विधान बहुधा एका गोंधळातून आले असावे. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते हे खरे. म्हणजे वेग निम्मा केला की दर सेकंदाला लागणारी ही शक्ती आठव्या हिश्शावर येते. परंतु तेच अंतर कापायला वेळ दुप्पट लागत असल्यामुळे दर किलोमीटरचा हिशेब चौथ्या हिश्शाचा होतो, आणि तोही केवळ हवेच्या वाट्यापुरता. टायरचा वाटा तेवढाच राहतो आणि इंजिनाचा स्वतःचा खर्च वाढतो. वरच्याच मोटारीचा ढोबळ अंदाज काढला तर १०० वरून ४५ वर आल्याने इंधन सुमारे पाव हिश्शाने घटते, आणि ८० वरून ४५ वर आल्याने एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. निम्म्याच्या जवळपास यापैकी काहीही जात नाही. उलट १२० वरून १०० वर येण्यानेच पंधरा ते वीस टक्के वाचतात.

इंधन वाचवण्यासाठी ज्यांनी वेगमर्यादा बदलल्या, त्यांनी कोणता वेग निवडला हे पाहणेही उपयुक्त आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची कमाल मर्यादा घातली, जी १९९५ साली पूर्णपणे रद्द झाली. स्पेनने २०११ साली काही महिन्यांसाठी मोटारमार्गांवरील मर्यादा १२० वरून ११० केली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तेलाची मागणी तातडीने घटवण्यासाठी जो दहा कलमी आराखडा मांडला, त्यात महामार्गांवरील मर्यादा किमान १० किलोमीटरने उतरवावी असे सुचवले होते. या सर्वांचा भर वरच्या टोकाचा वेग कापण्यावर होता, कारण बचत तिथेच आहे. वाहतुकीने ताशी चाळीसने चालावे असे यांपैकी कुणीही म्हटले नाही.

ज्यांना आपल्या गाडीचा आकडा हवा आहे त्यांनी तो मोजून पाहावा. सपाट आणि मोकळा रस्ता, गरम झालेले इंजिन, टायरमध्ये योग्य हवा, आणि ताशी ६०, ८० व १०० असे तीन स्थिर वेग एवढे पुरेसे आहे. प्रत्येक वेगाने त्याच पट्ट्यावर जाऊन परतही यावे, म्हणजे वारा आणि न दिसणारा चढ यांचा परिणाम बराचसा फिटतो. संपूर्ण प्रवासाच्या सरासरीवरून मात्र काहीही कळत नाही, कारण त्यात शहरातले थांबे मिसळलेले असतात.

‘वेळ थोडासाच जास्त जातो’

दोनशे किलोमीटरचा प्रवास १२० ऐवजी १०० ने केला तर वीस मिनिटे जास्त लागतात. तोच ९० ऐवजी ४५ ने केला तर सव्वा दोन तासांच्या जागी जवळजवळ साडेचार तास लागतात. याला थोडासा वेळ म्हणता येणार नाही. मला या मुद्द्यात घड्याळापेक्षा चालकाच्या थकव्याची अधिक काळजी वाटते. एकसुरी रस्त्यावर दोन तास जास्त बसलेल्या माणसाचे लक्ष उडते, डोळे मिटू लागतात, आणि याची भरपाई कोणत्याही बचतीने होत नाही.

‘हळू चालणाऱ्यापासून कुणाला धोका नसतो’

इथे दोन्ही बाजूंनी सावध राहून बोलले पाहिजे. वेग वाढला की अपघाताची शक्यता आणि त्यातील इजा दोन्ही वाढतात, याबद्दल शंका नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताची जोखीम सुमारे चार टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हळू जाणारे हेच खरे गुन्हेगार आहेत, असा जो उलटा दावा केला जातो तोही मान्य करता येत नाही. त्या दाव्यासाठी अनेकदा डेव्हिड सॉलोमन यांच्या १९६४ च्या अमेरिकन अहवालाचा आधार घेतला जातो, कारण सरासरीपेक्षा खूप वेगवान आणि खूप सावकाश अशा दोन्ही प्रकारची वाहने अपघातांत अधिक सापडतात असे त्यात दिसले होते. पण त्यातील अनेक सावकाश वाहने वळण घेत असलेली किंवा रस्त्यावर नुकतीच येत असलेली होती, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला आणि तो रास्त आहे.

तरीही ‘कुणालाही धोका नाही’ हे विधान टिकत नाही, आणि त्याचे कारण वेगांतील फरकात आहे. मागून ताशी १०० ने येणाऱ्या चालकाला १५० मीटरवर ताशी ८० ने जाणारी गाडी दिसली, तर ते अंतर मिटायला सत्तावीस सेकंद लागतात. समोरची गाडी ताशी ४५ ने जात असेल तर दहाच सेकंद उरतात. शिवाय मागच्या चालकाला हे लगेच कळतही नाही. दूरची वस्तू जवळ येत आहे हे आपले डोळे तिच्या मोठ्या होत जाणाऱ्या आकारावरून ओळखतात, आणि लांब अंतरावर हा बदल इतका सूक्ष्म असतो की महत्त्वाचे पहिले काही सेकंद समोरची गाडीही आपल्याच वेगाने जात आहे असे वाटत राहते. रात्री तर केवळ मागचे दोन लाल दिवे दिसतात. उरलेल्या थोड्या सेकंदांत त्या चालकाला ब्रेक दाबायचा असतो किंवा मार्गिका बदलायची असते, आणि त्याच्या मागचा किंवा शेजारचा चालकही तोच निर्णय घेत असतो. जपानच्या द्रुतगती मार्गांवर सर्वसाधारणपणे ताशी ५० किलोमीटरची किमान मर्यादा आहे, आणि जर्मनीचा वाहतूक नियम सबळ कारणाशिवाय वाहतुकीला अडथळा होईल इतके हळू चालवण्यास मनाई करतो. या नियमांमागचे कारण हेच आहे.

धुके, मुसळधार पाऊस, गाडीतील बिघाड किंवा चढावरचे जड ओझे अशा वेळी हळू चालणे योग्यच आहे आणि त्याबद्दल कुणीही कुरकुर करू नये. तिथे वेग कमी करण्याचे कारण दृष्टीच्या टप्प्यात किंवा यंत्राच्या ताकदीत असते, आणि मागून येणाऱ्यालाही ते कारण अनेकदा दिसत असते. स्वच्छ हवेत, मोकळ्या रस्त्यावर, धडधाकट गाडी ताशी चाळीसने जाईल अशी अपेक्षा मात्र कुणाचीच नसते.

सल्ल्यात नसलेला खर्च

समजा, एखाद्याने ८० ऐवजी ४५ ने जाऊन शंभर किलोमीटरमागे अर्धा लिटर वाचवला. ही बचत मी उदार हाताने धरली आहे. त्याच्यामुळे एखाद्या मोटारीला ब्रेक दाबून १०० वरून ६० वर यावे लागले, तर पुन्हा वेग घेताना तिला सुमारे ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल जास्त लागते. अशा तेरा-चौदा मोटारी झाल्या की वाचलेला अर्धा लिटर संपला. तीस टन वजनाचा भरलेला ट्रक ८० वरून ५० वर आला तर तोच वेग परत मिळवायला त्याला पाव लिटरहून अधिक डिझेल लागते, म्हणजे असे दोनच ट्रक पुरेत. गजबजलेल्या महामार्गावर शंभर किलोमीटरमध्ये किती वाहने मागून येतात हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. एका टाकीत वाचलेले इंधन दुसऱ्यांच्या टाक्यांतून जाणार असेल, तर त्याला बचत म्हणायला मी तयार नाही.

विजेच्या गाडीचा अपवाद इथे प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तिची मोटर उभ्या गाडीत ऊर्जा खात नाही आणि कमी भारावरही चांगली कार्यक्षमता राखते, त्यामुळे तिचा सर्वात काटकसरीचा वेग पेट्रोल गाडीपेक्षा बराच खाली असतो आणि सल्ल्याचे पहिले विधान तिच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरे ठरते. वेगांतील फरकाचा धोका मात्र तिलाही तसाच लागू आहे.

‘उतारावर गाडी न्यूट्रल करावी’

ही सवय कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, काळातली आहे. त्या इंजिनात गिअर असतानाही कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढले जातच असे, त्यामुळे न्यूट्रलमध्ये थोडे वाचते हा समज तेव्हा निराधार नव्हता. इंधन फवारणाऱ्या आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की, फेरे पुरेसे असतील तोवर, संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केल्यावर हा दुवा तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू करावे लागते. सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी अधिक लांबवर घरंगळते हे खरे असले, तरी लांब आणि तीव्र उतारावर इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. ज्या गाडीत तात्कालिक इंधनखर्च दाखवणारा पडदा आहे तिच्या चालकाने पुढच्या लांब उतारावर योग्य गिअर ठेवून पाय काढावा आणि आकड्याकडे एक नजर टाकावी. तिथे शून्य दिसते.