सक्तीच्या कामाला दान म्हणावे का?

रवांडामध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 8 ते 11 या वेळेत दुकाने बंद असतात आणि 18 ते 65 वयाच्या प्रत्येक धडधाकट नागरिकाने गटारे उपसायला, रस्ते दुरुस्त करायला किंवा झाडे लावायला घराबाहेर पडावे, असा 2007 पासून कायदाच आहे. या प्रथेला तिथे 'उमुगांडा' म्हणतात. आपण तिचे भाषांतर श्रमदान असे करून मोकळे होतो. पण न आल्यास दंड असेल, तर ते दान कसले?

1994 मध्ये सुमारे 100 दिवसांत तिथे किमान पाच ते आठ लाख माणसे मारली गेली. त्यांतली बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य समाजाची होती, आणि मारणाऱ्यांत शेजारीपाजारीही होते. पुढे 'गचाचा' या गावपातळीवरील न्यायालयांनी 2012 पर्यंत लाखो खटले निकाली काढले, शिक्षा भोगून झालेले लोक टेकड्यांवरच्या आपापल्या गावी परतले. आता रस्त्याकडेचे गवत कापणाऱ्या रांगेची कल्पना करा. पुढे एक विधवा वाकून कापलेले गवत गोळा करते आहे, मागे शिक्षा भोगून परतलेला तसा एक माणूस कोयता चालवतो आहे, आणि हत्याकांडातले एक मुख्य हत्यारही कोयताच होते. त्या पात्याकडे पाठ करून तिला वाकता येते की नाही, एवढेच मला पाहावेसे वाटते. हजेरीपटावर ते उमटत नाही.

शिवाय उमुगांडाचा इतिहास निष्पाप नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या राजवटीने 1970 च्या दशकात तो सक्तीचा केला होता, आणि 1994 मध्ये लोकांना कत्तलीसाठी बाहेर काढताना हीच 'काम' करण्याची भाषा वापरली गेली. एका हाकेसरशी अख्खे गाव बाहेर पडते, याचे कौतुक करताना मी म्हणूनच अडखळतो.

नायजेरियाने वेगळी वाट धरली. बियाफ्रा प्रांताच्या फुटून निघण्यावरून झालेल्या यादवी युद्धानंतर 1973 मध्ये तिथे पदवीधरांना वर्षभर, शक्यतो परक्या राज्यात, सेवेसाठी पाठवण्याची योजना सुरू झाली. तिथे अनोळखी माणसांची ओळख करून द्यायची होती. रवांडात मात्र ओळखच जीवघेणी ठरली होती.

तरीही मी उमुगांडा मोडीत काढणार नाही, कारण काम संपल्यावर तिथे सभा भरते. माझ्या मते खरा कस त्या सभेत लागतो: जमिनीच्या बांधावरून तक्रार असलेली ती विधवा अधिकाऱ्यासमोर आणि त्या माणसासमोर उभी राहून बोलते, की सूचना ऐकून मुकाट्याने घरी जाते?