लेप दिलेले लायपोसोम मिक्सरमध्ये तयार होत नाहीत

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले, तेव्हा खिडकीखाली वर्तमानपत्रावर सदाफुलीची पाने वाळत घातलेली होती आणि शेजारी लेसिथिनच्या (सोयाबीनमधून मिळणाऱ्या चरबीसारख्या पदार्थाच्या) पावडरीचा डबा उघडा होता. तिच्या केमोथेरपीचे तिसरे चक्र तोंडावर आले आहे. तिला आलेल्या आणि सर्वत्र फिरणाऱ्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: वनस्पतीजन्य औषध चरबीच्या सूक्ष्म गोळीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून तिला लेप दिला की ते फक्त कर्करोगाच्या गाठीत जाते, ते नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम होत नाहीत, म्हणून केमोची गरज उरत नाही, आणि हेच औषध सदाफुलीची पाने व लेसिथिन मिक्सरमध्ये फिरवून घरी करता येते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण जिवावर बेतेल ते त्यानेच. सदाफुलीत व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे असतात, हे खरे आहे. मात्र एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि रुग्णाला ते मोजून, अवघ्या एक-दोन मिलिग्रॅमच्या मात्रेत, शिरेतूनच दिले जाते, कारण मात्रा थोडी जरी वाढली तरी नसांना इजा होते. मूठभर पानांत ते किती आहे हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि त्याच पानांत रक्तदाबावर परिणाम करणारी इतर अल्कलॉइडेही असतात. राहिला लायपोसोम. तो म्हणजे फॉस्फोलिपिड या चरबीसारख्या द्रव्याच्या दुहेरी पडद्याची पोकळ गोळी, व्यास सुमारे १०० नॅनोमीटर; तिच्यात औषध भरून ते आत टिकवून धरणे हेच या तंत्रातले खरे कष्टाचे काम. लेसिथिन मिक्सरमध्ये फिरवले तर लहानमोठ्या थेंबांचे दुधट पाणी मिळते. त्यावर लेप बसत नाही, आणि ते प्यायल्यावर पित्तक्षार आणि पाचक विकरे त्या थेंबांचा निकाल लावतात. मुळात लेप द्यायचा तो गोळी रक्तात जास्त वेळ टिकावी म्हणून. तोंडाने घेतल्यावर त्याला अर्थच उरत नाही.

लेपाबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. हा लेप म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या साखळ्या; त्या गोळीभोवती पाण्याचा थर धरून ठेवतात, त्यामुळे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी तिला लवकर ओळखत नाहीत, ती रक्तात अधिक काळ फिरते आणि गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून थोडे अधिक औषध आत झिरपू शकते. परंतु ‘अधिक’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. बराचसा भाग शेवटी यकृत आणि प्लीहेतच जातो.

दुष्परिणाम आणि केमो या दोन्ही मुद्द्यांना एकच अभ्यास पुरेसा आहे. इरिनोटेकॅन हे कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षातल्या द्रव्यापासून बनवलेले औषध. त्याच्या लेप दिलेल्या लायपोसोमला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नापोली-१ या चाचणीत, जेमसिटाबाइन या केमोच्या औषधानंतरही पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते फ्लुरोयुरासिल हे केमोचे दुसरे औषध आणि फोलिनिक ॲसिड यांच्यासोबत दिले, तेव्हा मध्यक आयुर्मान ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेले. हे लायपोसोम एकट्याने दिलेल्या गटात मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या विश्वासार्ह असा फायदा दिसला नाही. म्हणजे ज्याच्या जिवावर केमो सोडायला सांगितले जाते, ते औषध स्वतः केमोच आहे आणि चालले तेही दुसऱ्या केमोच्या जोडीने. त्या एकत्रित गटातल्या २७ टक्के रुग्णांत पांढऱ्या पेशी गंभीर प्रमाणात घटल्या आणि १३ टक्क्यांना तीव्र जुलाब झाले. ‘दुष्परिणाम शून्य’ लिहिणाऱ्याने ही चाचणी उघडूनही पाहिलेली नाही.

कंपन्या हे औषध दडवतात, अशीही एक ओळ संदेशात आहे. मान्यता मिळून बाजारात आलेल्या औषधाबद्दल त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

मावशीने तो रस दोन दिवस घेतला होता. पाने आणि डबा आम्ही काढून टाकले, आणि दोन्ही दिवशी तिने किती घोट घेतले ते कागदावर लिहून घेतले. चक्राआधीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी दिसल्या, तर त्याचे कारण शोधताना तिच्या डॉक्टरांना हा कागद समोर हवा.