डिस्नेच्या राइडमधल्या भिंती अजिंठ्याच्या नाहीत आणि मार कुणाचा देव नव्हता

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली लिहिलं "अभिमान वाटतो". दोन फोटो शेजारी शेजारी, एक कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या इंडियाना जोन्स (हॉलीवूडच्या सिनेमांमधला साहसी नायक) राइडच्या भिंतीचा, दुसरा टोकियो डिस्नेसीमधल्या तशाच राइडचा. मजकूर असा की अमेरिकेतल्या राइडमध्ये अजिंठ्याची चित्रं जशीच्या तशी उतरवलीत, भिंतींवर ब्राह्मीत मंत्र लिहिलेत, अजिंठ्यात ज्याची पूजा व्हायची त्या 'मारा' देवाचं ते मंदिर आहे, जपानने मात्र आपली चित्रं पुसून मेक्सिकोची काढली, आणि तिथली स्फटिकाची कवटी हजारो वर्षं जुनी, खरी आहे.

मी सोडून देणार होते. पण दुसऱ्या दिवशी मावशीच्या नातीचा फोन आला. सातवीत आहे ती, शाळेची सहल अजिंठ्याला जातेय आणि प्रोजेक्टमध्ये तिने पहिलंच वाक्य लिहिलंय की अजिंठा हे मारा देवाचं ठिकाण होतं. मग गप्प बसवेना.

तर आधी हेच. आपल्याकडे त्याला मार म्हणतात, 'मारा' हे इंग्रजी स्पेलिंगवरून आलंय. मार म्हणजे मोह दाखवणारा, बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवायला जो सैन्य घेऊन आला, मुली पाठवल्या, आणि हरला. त्याची पूजा कोण करेल? ज्या घरात रोज बुद्धवंदना होते त्या घरातल्या मुलीने असं लिहावं हे मला खरंच लागलं. आणि अजिंठ्यात मार आहे, नाही असं नाही, पण कसा आहे ते बघा ना. लेणं क्रमांक 26 मध्ये, त्या झोपलेल्या मोठ्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीच्याच भिंतीला, मारविजयाचं मोठं शिल्प आहे. मधे बुद्ध, उजवा हात जमिनीला टेकवलेला, भूमिस्पर्श मुद्रा. आजूबाजूला सगळी फौज, खाली नाचणाऱ्या मुली आणि एका बाजूला खचून बसलेला मार. लेणं 1 मध्ये हाच प्रसंग रंगवलाय, गर्भगृहाच्या अलीकडे डाव्या भिंतीवर. तिथेही मधे शांत बसलेला तो बुद्धच, बाकी सगळा गोंधळ त्याच्या भोवती.

आता डिस्नेलँडची राइड. मी तिथे त्या रांगेत उभी राहिलेय, चुलतभावाकडे गेले होते तेव्हा, रांग लांबलचक असते त्यामुळे भिंती बघायला वेळच वेळ मिळतो. गोष्ट अशी की 1935 साल, भारतातला कुठलातरी 'लॉस्ट डेल्टा', तिथे माराचं देऊळ. येणाऱ्याला तीनपैकी एक वरदान मिळतं, संपत्ती, चिरतारुण्य किंवा भविष्य बघण्याची दृष्टी, फक्त त्याच्या डोळ्यात बघायचं नाही. म्हणजे सगळं फिरतं ते माराच्या चेहऱ्याभोवती, त्याच्या डोळ्यांभोवती. अजिंठ्यात मधे बुद्ध आणि मार कडेला, इथे मधे मार आणि बुद्ध नाहीच! चित्राचा गाभाच उलटा केलाय आणि याला जशीच्या तशी नक्कल म्हणायचं?

आणि जशीच्या तशी नक्कल म्हणजे काय असतं ते आपल्या मुंबईला चांगलं माहितीय. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्यात नकला करत होते, इतकी वर्षं, आणि त्यातल्या कितीतरी लंडनला आगीत जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून काम केलं होतं, त्यांच्याही बहुतेक नकला 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. अजिंठ्याची चित्रं माती, भुसा, तंतू मिसळलेल्या गिलाव्यावर, वरून चुन्याचा पातळ थर देऊन काढलेली आहेत, रेषा बघितली की कळतं, चेहरे किंचित वळलेले, हाताची बोटंसुद्धा बोलतात. राइडच्या भिंतींवर मला तसं काही दिसलं नाही. उलट बाहेरून ते देऊळ बघताना मला कंबोडियाच्या अंगकोरची जास्त आठवण आली.

ब्राह्मीचं तर सरळ आहे. 1995 मध्ये राइड सुरू झाली तेव्हा रांगेतल्या लोकांना एक कार्ड देत होते, त्यावर भिंतीवरच्या प्रत्येक खुणेसमोर एक इंग्रजी अक्षर. कार्ड घेऊन भिंत वाचायची, इंग्रजी वाक्य निघतं. बस. ए साठी एक खूण, बी साठी एक. ब्राह्मीत असं नसतंच, तिथे आपल्या देवनागरीसारखं व्यंजनाला काना-मात्रा लागतात. अजिंठ्यात खरे ब्राह्मी लेख आहेत आणि ते मंत्र नाहीत, कुणी लेणं कोरवलं, कुणासाठी, असं लिहिलंय. 26 मध्ये बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा आहे, 16 मध्ये वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा.

आता एक मान्य करते, मनाविरुद्ध. नाव त्यांनी आपल्याकडूनच घेतलंय आणि मोहाची कल्पनाही. धन, तारुण्य, भविष्य दाखवायचं आणि भुललास की संपलास, हे मारच्या स्वभावाला धरून आहे. देऊळ भारतात आहे असंही ते स्वतःच सांगतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

जपानने पुसलं म्हणे. काय पुसलं? टोकियो डिस्नेसी उघडलं 4 सप्टेंबर 2001 ला आणि ही राइड पहिल्या दिवसापासून तिथे आहे, पहिल्या दिवसापासून मध्य अमेरिकेतली. गाड्या आणि ट्रॅक बराचसा सारखा, पण बाहेर पायऱ्यांचा पिरॅमिड, गोष्ट तारुण्याच्या झऱ्याची, मग भिंतींवर माया लोकांच्या धाटणीची चित्रं येणारच ना. मेक्सिकोतल्या बोनाम्पाकची आठव्या शतकाच्या शेवटची भित्तिचित्रं इंटरनेटवर बघा, ती परंपरा आपल्याइतकीच अस्सल आहे, तिने आपलं काही हिरावलेलं नाही.

कवटीचं लवकर संपवते. ब्रिटिश म्युझियमने त्यांच्याकडची कवटी, 1897 ला विकत घेतलेली, तपासली तेव्हा त्यावर फिरत्या चाकाच्या हत्याराच्या खुणा निघाल्या, असं चाक युरोपीय लोक येण्याआधी मेक्सिकोकडे नव्हतं. म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली. आणि राइडमधली कवटी तर राइडसाठीच बनवलेली. 2008 च्या इंडियाना जोन्स सिनेमावरून घेतली असंही कुणी ग्रुपवर लिहिलंय, राइड सात वर्षं आधीची आहे.

नातीशी परत बोलले. प्रोजेक्टमधलं पहिलं वाक्य खोडलंय. सहल सोमवारी ठेवू नका म्हणून बाईंना सांगायला सांगितलंय, लेणी बंद असतात. आणि तिला म्हटलं, 1 नंबरच्या लेण्यात सगळे पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र, बघायला गर्दी करतील, तू डावीकडच्या भिंतीपाशी जरा थांब, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, मग आधी मधे बसलेला कोण ते शोध आणि मला फोन कर.