बॅटरीचं झाकण जाम झालंय? तो फॉरवर्ड वाचून लायटर हातात घेऊ नका

पावसाळा संपून ट्रेक सुरू झाले की हा मेसेज हमखास फिरतो, या वेळी मला तीन ग्रुपवर आला. त्याचा सारांश असा: टॉर्चचं किंवा जीपीएसचं झाकण निघत नसेल तर आत ॲसिड सांडलेलं असतं, खायचा सोडा कालवून लावा, डब्ल्यूडी-४० (जाम झालेलं सोडवायचा तेलकट स्प्रे) मारा, लायटरने गरम करा, पकडीने फिरवा, पाच मिनिटांत मोकळं. पुढे परत अडकू नये म्हणून व्हॅसलीन लावा आणि अल्कलाइन सेल वापरा, ते लीक होत नाहीत. यातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि एक-दोन तर धोक्याचे आहेत, म्हणून एवढं लिहितोय.

सुरुवात ॲसिडपासून, कारण खरी गडबड तिथेच आहे. अल्कलाइन सेलमधून जे बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ॲसिडच्या बरोबर उलट, अल्कली, नावातच आहे ते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, जुन्या भिंतीला लोणा लागतो तसं आट्यांमध्ये जे पांढरं फुललेलं दिसतं ते हेच. खायचा सोडा स्वतःच अल्कलीच्या बाजूचा, तो इन्व्हर्टरच्या बॅटरीला ठीक आहे कारण तिथे खरंच सल्फ्युरिक ॲसिड असतं. इथे लागतं पांढरं व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस. टॉर्च झाकण वर करून उभा धरायचा, सांध्यावर सगळीकडून थेंब थेंब सोडायचं, बारीक फसफस दिसली की समजायचं बरोबर जागी पोचलं, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसायचं आणि परत सोडायचं. रात्रभर मात्र ठेवू नका, व्हिनेगरनेही ॲल्युमिनियम आणि स्प्रिंगचा मुलामा खराब होतो. साधे झिंक-कार्बन सेल असतील, आपण घड्याळात नि रिमोटमध्ये घालतो ते, तर त्यांच्यातलं झिंक क्लोराइड थोडं ॲसिडिक असतं, तिथे सोडा चालेल. म्हणून आधी आठवा आत काय घातलं होतं. आणि हे सगळं चष्मा घालून करा, हातमोजे घाला, ही अल्कली डोळ्यात गेली तर फार वाईट. गेलीच तर नुसत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर, डोळ्यात व्हिनेगर अजिबात नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल माझं वैर नाही, घरात असतोच. पण १९५३ साली तो बनला तो पाणी हटवायला, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. आट्यांमधला पांढरा खडा हा क्षार आहे, तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तुम्ही आधी स्प्रे मारला की त्या खड्यावर तेलाचा थर बसतो आणि नंतर व्हिनेगर आत पोचतच नाही, म्हणजे जो उपाय लागू पडला असता तोच तुम्ही बंद केला. प्लास्टिकच्या बॉडीवर पेट्रोल-थिनर तर विचारूच नका, पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

लायटर: नाही. आत लिथियम-आयन सेल असेल, हल्लीच्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये असतोच, तर त्याला ज्योत दाखवणं म्हणजे हातात आग धरणं आहे. सेल फुगलाय अशी शंका जरी असेल तरी जोरजबरदस्ती थांबवा.

पकडीचं मी स्वतः भोगलंय. राजगडला निघायच्या आदल्या रात्री माळ्यावरून सॅक काढली, टॉर्च जाम, मी नळी पाइप पान्यात धरून ताकद लावली. झाकण फिरलं, पण नळी दाबली जाऊन चपटी झाली आणि आतल्या फुगलेल्या सेलवर अशी आवळून बसली की सेल आजतागायत निघालेले नाहीत. चांगला दहा वर्षं साथ दिलेला टॉर्च, अजून वाईट वाटतं. पकडीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक नळीला एक झाकणाला गुंडाळा, पूर्ण तळव्याने धरा. झाकण तुमच्याकडे तोंड करून असताना घड्याळाच्या उलट फिरवायचं, घाईत कित्येक जण टॉर्च उलटा धरून आणखी आवळतात. करकर आवाज आला तर ती आट्यांतली माती आहे, किंचित मागे-पुढे करत जायचं, एकदम जोर नाही.

जीपीएसला हा टॉर्चवाला सल्ला लावणंच चूक. गार्मिनच्या ईट्रेक्स २० किंवा ३० ला मागे डी आकाराची कडी असते, ती उचलून फिरवली की झाकण सुटतं, तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसला तर रबरी सील फाटतं आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकायची ती आयपीएक्स७ ची हमी गेली. सील पक्कं असेल तर आणखी एक होतं: कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १८ टक्के कमी. वर सेल बदलून झाकण लावलं आणि मुंबईत उघडायला गेलात तर बाहेरची हवाच ते दाबून धरते. जुनं एटीएम कार्ड कडेला सरकवून सील जरासं उचला, बारीक फुस्स होतं आणि सुटतं.

व्हॅसलीन काही रबरांना चालतं, पण ओ-रिंग (झाकणाच्या सांध्यातली रबरी कडी) ईपीडीएम नावाच्या रबराची असेल तर ती फुगते आणि पुढच्या वेळी झाकण आणखी घट्ट. सिलिकॉन ग्रीस घ्या, मटारच्या दाण्याएवढं पुरतं, फक्त रिंगच सिलिकॉनची असेल तर ते लावू नका. आणि अल्कलाइन लीक होत नाहीत हे तर साफ खोटं, कितीही नावाजलेल्या कंपनीचे असोत, पूर्ण उतरलेले सेल महिनोन्महिने आत राहिले की आत हायड्रोजन साठतो, दाब वाढतो आणि सील फुटतं. मी आता ट्रेकला निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल नेतो, आणि घरी आल्यावर बूट धुवायच्या आधी सेल काढून वेगळ्या डबीत ठेवतो, झाकण सैल फिरवून.