स्पॅनिशमधले दहा शब्द आणि एकटा ‘बेगर’

भाषा शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक तक्ता जोरात फिरतो आहे. डाव्या रकान्यात दहा स्पॅनिश शब्द: मेंदिगो, पोर्दिओसेरो, लिमोस्नेरो, पेदिग्वेन्यो, वागाबुंदो, इंदिखेन्ते, गोर्रोन, साब्लिस्ता, सिन तेचो, पोब्रे. उजव्या रकान्यात दहाही ओळींत एकच इंग्रजी शब्द, ‘बेगर’. खाली टीप: ज्या समाजात भिकारी जास्त, त्याच्याकडे त्यांच्यासाठी शब्दही जास्त. कॅथलिक स्पेनने दानधर्माच्या नावाखाली भिकारी पोसले, प्रोटेस्टंट इंग्लंडने त्यांना कामाला लावलं, म्हणून इंग्रजीचं एका शब्दात भागलं. आणि ‘सिन तेचो’सारखे नवे शब्द म्हणजे जुन्याच भिकाऱ्याला दिलेलं गोंडस नाव.

मी स्पॅनिश शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांनी हा तक्ता वहीत उतरवून घेतलेला पाहिला आणि वाईट वाटलं. यात केवळ शब्दार्थ चुकलेले नाहीत, एका अख्ख्या समाजाबद्दल आणि रस्त्यावरच्या माणसाबद्दल चुकीचं मत त्यासोबत डोक्यात जातं. म्हणून एकेक दावा घेते.

पहिला दावा, दहाही शब्दांचा अर्थ एकच.

मेंदिगोपुरतं हे खरं आहे. लॅटिन मेंदिकुसवरून आलेला हा सरळ शब्द, भीक मागून जगणारा. पुढच्याच ओळीला मात्र तक्ता कोसळतो. पोर्दिओसेरो या शब्दात ‘पोर दिओस’ आहे, म्हणजे ‘देवासाठी’. चर्चच्या दाराशी बसलेला माणूस ‘ऊना लिमोस्नीता, पोर दिओस’ अशी आर्जवं करायचा, देवाच्या नावाने काहीतरी द्या. त्याच्या तोंडची हाकच त्याचं नाव होऊन बसली. गंमत नव्हे, पण नकारही देवाच्याच नावाने दिला जायचा: ‘पेर्दोने पोर दिओस, एर्मानो’, देवासाठी माफ करा, भाऊ. आपल्याकडे दारातल्या माणसाला ‘माफ कर बाबा, पुढे जा’ म्हणतात, तो सूर मराठी कानाला लगेच कळेल. इंग्रजी ‘बेगर’मध्ये ना ती हाक ऐकू येते, ना तो नकार. शिवाय आज पोर्दिओसेरो म्हटलं की फाटके कपडे, मळ आणि बोलणाऱ्याची तुच्छता असं सगळं त्यात येतं. म्हणून अनुवाद करताना हा शब्द कोण कोणाबद्दल बोलतंय, हे आधी पाहावं लागतं.

लिमोस्नेरो हा तर या तक्त्यातला सर्वांत धोकादायक शब्द. लिमोस्ना म्हणजे दान, भीक. मुळात ग्रीकमधला दयेचा शब्द, दानासाठीचा इंग्रजी ‘आम्स’ही त्याच मुळाचा. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात लिमोस्नेरो म्हणजे भीक मागणारा. मेक्सिकोत ‘लिमोस्नेरो इ कॉन गार्रोते’ अशी म्हणच आहे, मागतो भीक आणि वर हातात सोटा. पण स्पेनमध्ये जुन्या, रुळलेल्या अर्थाने लिमोस्नेरो म्हणजे दान देणारा. राजवाड्यात, बिशपच्या घरी गरिबांना दान वाटण्याचं काम ज्याच्याकडे, तो लिमोस्नेरो. एकाच शब्दात मागणारा हातही आहे आणि देणाराही, आणि कुठला ते महासागराच्या कुठल्या काठावर तुम्ही उभे आहात यावर ठरतं.

हा जुन्या कागदपत्रांतला बारकावा नाही, आजच्या बातम्यांतही तो लागतो. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये कॉनराड क्रायेव्स्की यांना व्हॅटिकनच्या दानकार्याचे प्रमुख नेमलं. मे 2019 मध्ये रोममधल्या एका इमारतीत शेकडो बेघर माणसं राहत होती, थकलेल्या बिलापायी तिथली वीज तोडलेली होती. क्रायेव्स्की स्वतः मॅनहोलमधून खाली उतरले आणि त्यांनी वीज जोडून दिली. स्पॅनिश वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख ‘एल लिमोस्नेरो देल पापा’ असा केला. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी याचं भाषांतर ‘पोपचा भिकारी’ असं करणार!

बाकीचे शब्द थोडक्यात. पेदिग्वेन्यो म्हणजे सारखं काही ना काही मागत राहणारा, मग तो आईकडे हट्ट करणारा मुलगाही असू शकतो. गोर्रोन म्हणजे आपला ‘फुकट्या’, त्याला मराठीत याहून चांगला शब्द नाही. साब्लिस्ता चांगले कपडे घालून भेटतो, गोड बोलतो, उसने पैसे घेतो आणि कधीच परत करत नाही. साब्ले म्हणजे वाकडी तलवार आणि असे पैसे उकळणं म्हणजे तिचा वार. यातला कुणीही फुटपाथवर बसत नाही. वागाबुंदो भटका असतो, तो भीक मागेलच असं नाही. पोब्रे म्हणजे गरीब, पण जुन्या स्पॅनिश गद्यात दाराशी आलेला ‘ऊन पोब्रे’ खरोखरच भिकारी असतो. तेवढ्या ओळीत तक्त्याची बाजू अर्धी बरोबर आहे, हे मान्य.

तक्त्याने न घेतलेले शब्द पाहिले तर हा दावा आणखीच लंगडा पडतो. सोपिस्ता म्हणजे मठात मिळणाऱ्या सूपवर पोट भरून विद्यापीठात शिकणारा गरीब विद्यार्थी. माधुकरी मागून शिकलेल्या मुलाला आपण भिकारी म्हणू का? अर्जेंटिनात लिन्येरा आणि क्रोतो असे दोन शब्द आहेत. गाठोडं घेऊन मालगाडीने सुगीच्या कामाला गावोगाव फिरणारा तो मजूर. क्रोतो हे नाव 1918 ते 1921 या काळात ब्युनोस आयरेस प्रांताचे गव्हर्नर असलेल्या होसे कामिलो क्रोत्तो यांच्यावरून पडलं असं तिथे सांगतात, कारण अशा मजुरांना मालगाडीतून फुकट प्रवासाची मुभा त्यांनी दिली. त्या शब्दाला इंग्रजीत जवळचा शब्द ‘होबो’. ‘बेगर’ नव्हे.

इथेच दुसरा दावा येतो, इंग्रजीत एकच शब्द आहे.

भीक मागणारे, भटके, फुकटे, सगळ्यांसाठी इंग्रजीतही शब्द आहेत: होबो, ट्रॅम्प, बम, पॅनहँडलर, व्हेग्रंट, मेंडिकंट, कॅजर, स्क्राउंजर, स्पंजर. यातले निम्मे तर मराठी माणसाने इंग्रजी सिनेमात ऐकलेले असतात. अमेरिकन रेल्वेच्या जगात होबो, ट्रॅम्प आणि बम यांत काटेकोर फरक करत: होबो फिरतो आणि काम करतो, ट्रॅम्प फिरतो पण काम टाळतो, बम ना फिरतो ना काम करतो. आपल्याला कुणी ट्रॅम्प म्हटलेलं होबोला खपत नसे.

जुन्या इंग्रजीत गेलं तर शब्दांचा पूरच आहे. केंट परगण्यातला टॉमस हार्मन नावाचा जमीनदार आपल्या दाराशी येणाऱ्या भटक्यांना खोदून खोदून विचारायचा आणि 1560 च्या दशकात त्याने त्यांच्या वीसहून जास्त प्रकारांची नावं छापली. वेड्याचं सोंग घेणारा ‘एब्रहम मॅन’. मुक्याचं सोंग घेणारा ‘डमरर’. तोंडात साबण धरून फेस काढणारा आणि फेफरं आल्याचं भासवणारा ‘काउंटरफिट क्रँक’. लढाईवरून परतलो असं सांगत फिरणारा ‘रफलर’. ही यादी संशयातून जन्मली आहे, प्रत्येक नावात ‘हा खोटारडा आहे’ असा ठपका आहे. म्हणून ती वाचताना त्या माणसांचं खरं आयुष्य तिच्यात कितपत आहे, ही शंका मनात ठेवावीच लागते. पण इंग्रजीकडे शब्द नव्हते असं कोण म्हणेल?

स्कॉटलंडमध्ये तर उलट टोक होतं. तिथल्या राजाचे अधिकृत भिकारी असत. त्यांना ‘ब्लूगाउन’ म्हणत, कारण त्यांना निळा झगा आणि धातूचा बिल्ला मिळे. तो छातीवर लावून देशभर भीक मागण्याची त्यांना परवानगी असे. त्यांची संख्या राजाच्या वयाइतकी, दर वाढदिवसाला एक वाढे. आता या माणसाला आणि हार्मनच्या साबणवाल्याला एकाच ‘बेगर’मध्ये कोंबायचं असेल तर शब्दकोश मिटून ठेवलेलाच बरा.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो इतिहासाच्या नावावर खपवला जातो: दानधर्मी कॅथलिक स्पेन विरुद्ध कष्टाळू प्रोटेस्टंट इंग्लंड.

सनावळी पाहा. भीक बंद करून गरिबांची जबाबदारी नगरपालिकेने घ्यावी, ज्याला जमेल त्याला काम द्यावं, अशी सविस्तर योजना 1526 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरासाठी लिहिली ती हुआन लुइस विवेस यांनी. हे विवेस जन्माने बालेन्सियाचे, म्हणजे स्पॅनिश. इंग्लंडमध्ये धडधाकट भिकाऱ्याला गाडीच्या मागे उघडा बांधून रक्त येईपर्यंत फटके मारण्याचा कायदा 1531 चा. त्या वर्षी इंग्लंड कॅथलिकच होतं, राजा आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेतला 1534 मध्ये. मग फटक्यांचं श्रेय प्रोटेस्टंट धर्माला कसं द्यायचं?

आणि ‘कामाला लावलं’ म्हणजे नेमकं काय केलं, तेही सांगायला हवं. 1547 च्या कायद्याने काम नाकारणाऱ्या भटक्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ अक्षर डागायचं आणि त्याला दोन वर्षं गुलाम म्हणून द्यायचं ठरवलं. तो इतका अघोरी होता की तीन वर्षांत रद्द करावा लागला. 1572 च्या कायद्यात उजव्या कानाच्या कूर्चेला डागून भोक पाडण्याची शिक्षा होती. ‘व्हेग्रंट’ (भटक्या), ‘स्टर्डी बेगर’ (धट्टाकट्टा भिकारी), ‘रोग’ (rogue, लुच्चा) हे शब्द या कायद्यांच्या पानांवर वावरले आहेत. धट्टाकट्टा भिकारी हा शब्दच चाबूक कुणावर उगारायचा ते ठरवण्यासाठी वापरला गेला.

स्पेनही काही संतांचा देश नव्हता. तिथेही सोळाव्या शतकात भीक मागायला परवाना लागे, आपल्या गावापासून ठराविक अंतरापलीकडे मागता येत नसे, आधी पापांची कबुली दिलेली असावी लागे. पण स्पेनमध्ये यावर उघड वाद झाला. 1545 मध्ये सालामांकाचे धर्मपंडित डोमिंगो दे सोतो यांनी गरिबांच्या बाजूने छापील पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं असं की गुन्हा केल्याशिवाय कुणालाही गावातून हाकलता येत नाही, आणि जो उपाशी आहे त्याचा मागण्याचा हक्क काढून घेण्याआधी त्याच्या अन्नाची सोय करा. श्रीमंतांच्या वागण्याची इतकी कडक तपासणी कुणी करत नाही, मग गरिबांचीच का, हाही त्यांचा सवाल. त्याच वर्षी हुआन दे रोब्लेस या बेनेडिक्टाइन संन्याशाने त्यांना उत्तर दिलं: सामोरा शहरात गरिबांची नीट व्यवस्था लावली, त्यात गरिबांचंच भलं आहे. दोन्ही बाजूंना कॅथलिक साधू. ‘दानधर्मी स्पेन’ असा एकच सूर त्या देशात कधीच नव्हता.

भटक्याला गुन्हेगार ठरवण्याची इंग्रजी कायद्याची ही सवय मुंबईतही पोहोचली. 1959 चा मुंबईचा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा भीक कशाला म्हणतो? रस्त्यावर गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून पैसे मागणं, आणि उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरत राहणंही. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, सगळे एका व्याख्येत. दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

राहिला चौथा दावा, नवे शब्द म्हणजे गोंडस नाव. सिन तेचो म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो. तो भीक मागतो की नाही, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. छप्पर नसलेला माणूस कामावर जात असू शकतो आणि चर्चच्या दाराशी बसणाऱ्या म्हातारीला स्वतःची खोली असू शकते. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने 2022 मध्ये निवारा आणि जेवणाच्या केंद्रांत आलेल्या 28,552 बेघर माणसांची नोंद केली. त्यांना दहाव्या ओळीपर्यंत ‘बेगर’ म्हणणारा तक्ता त्यांच्याबद्दल खोटं बोलतो. इंदिखेन्तेचंही तेच, तो शब्द सांगतो फक्त टोकाचं दारिद्र्य.

नवा शब्द लपवण्यासाठीही वापरला जातो, हे मात्र खरं आहे आणि त्याचं उदाहरण ताजं आहे. क्यूबात सरकारी भाषेत अशा लोकांना ‘देआम्बुलान्ते’ म्हणतात, भटकत राहणारे. जुलै 2025 मध्ये तिथल्या कामगारमंत्री मार्ता एलेना फेइतो यांनी संसदेत सांगितलं की क्यूबात मेंदिगो नाहीतच, आहेत ती भिकाऱ्याचं सोंग घेतलेली माणसं, त्यांचे हात पाहा, कपडे पाहा. गाड्यांच्या काचा पुसणाऱ्यांनी सोपं जगणं निवडलंय, असंही त्या म्हणाल्या. कचऱ्याच्या डब्यात अन्न शोधणारी माणसं रोज पाहणाऱ्या देशात संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला. लोक चिडले ते मेंदिगो हा साधा, जुना, खरा शब्द नाकारला म्हणून. तिथे ‘देआम्बुलान्ते’ सौम्य होता आणि खोटा होता. माद्रिदच्या निवाऱ्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘सिन तेचो’ म्हणणं सौम्य आहे आणि अचूकही आहे. कुठला शब्द प्रामाणिक आहे ते तो कुणासाठी वापरला ते पाहूनच कळतं.

तेव्हा ज्यांनी हा तक्ता पुढे पाठवलाय त्यांना माझी विनंती आहे: मेंदिगोपुढचा ‘बेगर’ राहू द्या, लिमोस्नेरोच्या ओळीत आधी देशाचं नाव लिहा, गोर्रोन आणि साब्लिस्ता या यादीतून काढून टाका, आणि खालची टीप पूर्ण खोडा.