दोनशे एक्कावन्न टाक्यांचा फेरा

सरळ मफलर मोठा सोशिक. लोकर संपली की तो संपतो. कंटाळा आला तर आहे तिथे टाके बंद करायचे आणि "एवढाच करायचा होता" असं सांगायचं. गोल मफलरमध्ये ही पळवाट नाही. गळ्यात दोन वेढे घेता येतील असा त्याचा घेर पहिल्या ओळीतच, एकही टाका विणण्याआधी, ठरवावा लागतो. नंतर वाढते ती फक्त रुंदी. त्यामुळे गोल मफलरचे सगळे अपराध पहिल्या तासात घडतात आणि उघडकीला यायला पंधरवडा लागतो.

त्यात आपली थंडी बेभरवशाची. निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली की पुण्या-नाशकात सुया कपाटातून बाहेर पडतात, आणि मफलर निम्म्यावर येतो तोवर पंख्याचं बटण कोणीतरी दाबलेलं असतं. लोकर नवरात्रातच आणावी, असं माझं मत आहे. टाके मात्र फराळ उरकल्यावरच घालावेत. चकलीचे हात फिक्या लोकरीला लागले तर ते पुढच्या दिवाळीपर्यंत दिसतात. आणताना सगळे गुंडे एकदम आणावेत आणि पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घ्यावा. रंगाचा क्रमांक एक आणि लॉट दुसरा असेल, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. गॅलरीतल्या उन्हात मात्र नवा गुंडा कुठून सुरू झाला ते शेजारीसुद्धा सांगतात.

मग सुई. आपल्याकडे सुयांवर बहुतेक जुने ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटा कारभार, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. अमेरिकन व्हिडिओ बघून इथे "८ नंबर द्या" म्हटलं की दुकानदार निर्मळ मनाने ४ मिलिमीटरची काढून देतो, आणि ऊबदार, लोंबता मफलर व्हायच्या जागी पायपुसण्याइतकं घट्ट काहीतरी तयार होऊ लागतं. ५ मिलिमीटर हवी असेल तर आपल्याकडे ६ नंबर मागायची. त्याहून बरं म्हणजे नंबराच्या नादी न लागता मिलिमीटरच मागायचे.

सुई अर्थातच गोल, म्हणजे दोन टोकांमध्ये लवचीक वायर असलेली. तिची एकूण लांबी मफलरच्या घेरापेक्षा कमी हवी. १४० सेंटिमीटरच्या घेराला ८० किंवा १०० ची चालते. ८० ची सुई ६० च्या घेराला चालत नाही, कारण टाके ताणून ताणून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. इथे विणणारीचा दोष नसतो. अंतरच जास्त असतं.

आता नमुना. १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजायचे. हे काम सगळ्यांनाच वेळेचा अपव्यय वाटतं, मलाही वाटतं, आणि तरी करावं लागतं. मध्यम जाडीच्या लोकरीला ५ मिलिमीटरच्या सुईवर साधारण १८ टाके येतात. ६० सेंटिमीटरच्या एकेरी घेराला झाले १०८. हात घट्ट असेल आणि १८ ऐवजी २० येत असतील, तर तेच १०८ टाके ५४ सेंटिमीटरमध्ये बसतात. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५-५७ च्या आसपास. म्हणजे मफलर गळ्यात जायच्या आधी नाकाशी अडतो आणि ज्याला द्यायचा तो आतून "छान झालाय" असं म्हणतो.

दुहेरी वेढ्याला घेर १४० सेंटिमीटर, टाके २५२. पण २५२ नाही, २५१ घालायचे. १ सुलट, १ उलट असं गोलात सलग विणत राहिलं आणि टाके विषम असले, तर दर फेरीत सुलटवर उलट येतो आणि दाणेदार वीण आपोआप पडते. टाके सम असले तर सुलटवर सुलट येतो आणि स्वेटरच्या बॉर्डरच्या उभ्या पट्ट्या तयार होतात. मोजताना एक टाका इकडचा तिकडे झाला तर डिझाइनच बदलतं. दाणेदार विणीचा आग्रह यासाठी की नुसत्या सुलट विणीच्या कडा गुंडाळतात, आणि इतक्या हौसेने ठरवलेल्या रुंदीची सुरळी होते. नुसती सुलटच हवी असेल तर खाली-वर निदान ५-६ फेऱ्या दाणेदार ठेवाव्यात.

अंगठ्यावरून दोन धाग्यांनी टाके घालताना शेपूट, म्हणजे धाग्याचं मोकळं टोक, किती सोडायचं, हा या कामातला खरा जुगार. अंदाज असा की घेराच्या तिप्पट, म्हणजे इथे सव्वाचार मीटर, वर थोडं. कितीही सोडलं तरी ते २३८ व्या टाक्याला संपतं. उपाय सोपा आहे: दोन गुंड्यांची टोकं गाठ मारून एकत्र घ्यायची, एक धागा अंगठ्यावर आणि दुसरा बोटावर. झाल्यावर एक धागा कापायचा आणि ती गाठ टाक्यात धरायची नाही. दर २० टाक्यांना रंगीत दोऱ्याचं कडं अडकवावं. ९७ वर असताना "चहा टाकू का?" असा प्रश्न आला तरी ८० पासून मोजता येतं. ही पहिली ओळ हलक्या हाताने घालावी, नाहीतर दोन सुया एकत्र धरून घालावी. घट्ट घातलेली ओळ जन्मभर घट्टच राहते.

यानंतर पीळ. टाके सुईवर गोल फिरलेले असताना टोकं जोडली, तर मफलरला कायमचा पुरा वळसा बसतो. अर्धा वळसा बसलेल्या पट्टीला एकच बाजू आणि एकच कड असते. म्योबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितींना १८५८ मध्ये, एकमेकांना न विचारता, ती सापडली. आपल्याला हवा नसताना सापडतो तो मात्र पुरा वळसा, त्याच्या बाजू आणि कडा दोन-दोनच राहतात. पहिली फेरी संपेपर्यंत पीळ सांध्यावरच्या धाग्यात जिरवता येतो, त्यानंतर उसवणे हाच मार्ग. खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्या दोन ओळी न जोडता सरळ विणाव्यात. सेंटिमीटरभर पट्टी झाली की पीळ डोळ्यांना दिसतो. मग जोडावं. राहिलेली फट शेपटाने शिवता येते.

२२ सेंटिमीटर रुंदीला साधारण ६० फेऱ्या, म्हणजे पंधरा हजारांवर टाके. मिनिटाला २० टाके धरले तर एक फेरी साडेबारा मिनिटांची. "ही फेरी संपू दे, येते" या वाक्यावर घरच्यांचा विश्वास का बसत नाही, ते या आकड्यावरून कळतं. लोकर २०० ते २५० ग्रॅम. मध्येच टाका सुटून शिडी पडली तर क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर घ्यायची. दाणेदार विणीत मात्र एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते, आणि तिथे भले भले थांबतात. बंद करताना एक नंबर जाड सुई, नाहीतर वरची कड खालच्यापेक्षा आखूड होऊन मफलर फनेलच्या आकाराचा होतो. धागे १५ सेंटिमीटर तरी सोडून मागून ओवावेत.

शेवटी धुणं. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवली की ते एकदम लुळं आणि चकचकीत होतं. ते परत फुगत नाही. खरी लोकर कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून आडवी वाळवायची. दोरीवर टाकली तर दुहेरी वेढ्याचा तिहेरी होतो. गरम पाण्याच्या मशीनमध्ये घातली तर उलट ती आटून नमदा होते, आणि १४० सेंटिमीटरचा घेर घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या वाट्याला येतो.