फॉरमॅट मारल्यावर वायफाय गेलं, म्हणजे कार्ड उडालं?

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्याकडेही एव्हाना आला असेल. त्याचं सार असं: लॅपटॉपला फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं आणि वायफाय गायब झालं, तर लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड उडालंय, बदलून घ्या. तसं नसेल तर ‘सगळे ड्रायव्हर एकत्र’ असलेला पॅक टाका (ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर). तो नसेल तर त्याच मॉडेलचा कुठलाही वायफाय ड्रायव्हर चालतो. इंटरनेटच नसल्यामुळे दुसरा लॅपटॉप मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसा. आणि काहीच जमलं नाही तर पुन्हा फॉरमॅट मारा.

लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची यादी विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये दिसते, पण एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ‘आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा’ हे एकदाही येत नाही. माझं भांडण आहे ते त्याच्याशी.

आधी कार्डाचं बघू. काल रात्रीपर्यंत जे कार्ड व्यवस्थित चालत होतं, ते डिस्क पुसल्यामुळे मरत नाही. पुसला गेला तो त्याचा ड्रायव्हर. विंडोजच्या आयएसओमध्ये, म्हणजे जिच्यावरून विंडोज टाकतात त्या फाइलमध्ये, ड्रायव्हरांचा साठा असतो, पण ती आयएसओ ज्या दिवशी बनली त्या दिवसापर्यंतचाच. इंटेलचं एएक्स२०० हे कार्ड आलं २०१९ मध्ये. कपाटात पडलेल्या पेन ड्राइव्हवर २०१८ ची विंडोज १० असेल, तर तिला हे कार्ड ओळखीचं कुठून असणार? विंडोज ७ साठी तर इंटेलनं त्या कार्डाचा ड्रायव्हर काढलेलाच नाही.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासकट ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसतोय का? बऱ्याचदा शेजारी ‘इथरनेट कंट्रोलर’ही तसाच बसलेला असतो. वायफायचं कार्ड आणि केबलचं पोर्ट, दोन्ही एकाच दुपारी उडाले असं मानायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. त्या नोंदीवर डबल क्लिक केलं की खाली ‘कोड २८’ दिसेल. त्याचा अर्थ एवढाच, की ड्रायव्हर टाकलेला नाही. ही आनंदाची बातमी आहे: कार्ड हजेरी लावतंय, फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

मेसेज खरा ठरेल अशी एक शक्यता आहे, ती नाकारत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अशी नोंदच नसेल, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलेलं नसेल, आणि डिस्कवर न टाकता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी लाइव्ह उबुंटू ही दुसरी सिस्टम चालवून त्यातही कार्ड सापडत नसेल, तर कार्डावर संशय घ्या. तेव्हाही नवं घेण्याआधी जुन्याचं नाव वाचा. एएक्स२०१ सारख्या कार्डांमध्ये वायफायचा अर्धा कारभार इंटेलच्या चिपसेटमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपांमध्ये, असतो, कार्ड म्हणजे उरलेला रेडिओ. ते दुसऱ्या भलत्या लॅपटॉपमध्ये बसवलं तर स्लॉटमध्ये बसेल, चालणार मात्र नाही.

आता ‘त्याच मॉडेलचा कुठलाही ड्रायव्हर’. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या लॅपटॉपच्या सपोर्ट पेजवर वायफायचे तीन ड्रायव्हर होते: रिअलटेक, इंटेल, मीडियाटेक. मी यादीतला पहिला, म्हणजे रिअलटेकचा, उतरवला. सेटअप चालला, हिरवी पट्टी भरली, ‘यशस्वी’ असंही आलं. रीस्टार्ट केलं तर पिवळा त्रिकोण जिथल्या तिथे. मग तोच पुन्हा टाकला, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून टाकला, एक जुनी आवृत्ती टाकली. संध्याकाळ गेली.

शेवटी जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅब, तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. एक लांबलचक ओळ येते. तिच्यातली ‘व्हेन’ (VEN) नंतरची चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची, ‘डेव्ह’ (DEV) नंतरची चार त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अ‍ॅथरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. माझ्याकडे होतं १४सी३. मीडियाटेक! एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांमध्ये, ज्या खेपेला जे कार्ड हाताशी असेल ते बसवलं जातं, म्हणून पेजवर तीन-तीन ड्रायव्हर ठेवलेले असतात. मॉडेलचं नाव झाकणावर छापलेलं असतं, आतल्या चिपशी त्याचं सोयरसुतक नाही.

हीच ओळ मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या वेबसाइटवर शोधली तरी नेमका ड्रायव्हर मिळतो. तो कॅब फाइलमध्ये, म्हणजे झिपसारख्या गाठोड्यात, येतो आणि त्यात सेटअप नसतो, म्हणून लोक गोंधळतात. फाइल उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ म्हणा आणि ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’मधून ते फोल्डर दाखवा. ड्रायव्हर कसा टाकायचा हे सांगणारी आतली आयएनएफ फाइल विंडोज स्वतः शोधून घेते.

‘सगळे ड्रायव्हर’वाल्या पॅकबद्दल फार लिहावं असं वाटत नाही. कित्येक जीबींचा पॅक पेन ड्राइव्हवर आणता येतो, तर एका कार्डाचा ड्रायव्हर का आणता येत नाही? तो बहुतेकदा शंभर एमबीही नसतो. शिवाय अशा पॅकांबरोबर न मागितलेला ब्राउझर, टूलबार आणि ‘तुमच्या पीसीत ३४७ चुका आहेत’ म्हणणारं काहीतरी घरात शिरतं, ते काढायला पुन्हा एक संध्याकाळ.

‘दुसरा लॅपटॉप मिळेपर्यंत थांबा’ हे तर सरळ चूक. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, चालू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याला लागणारा ड्रायव्हर आधीपासून असतो, फोन त्यांना केबलच्या नेटवर्कसारखाच दिसतो. मोबाइल डेटाच लागतो असंही नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून पुढे जातं. आयफोनच्या बाबतीत मात्र विंडोजला आधी अ‍ॅपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे पुन्हा तोच घोळ. नेट आलं की विंडोज अपडेट चालवा आणि ‘ऑप्शनल अपडेट्स’ही उघडून बघा, कार्डाचा ड्रायव्हर कधीकधी तिथे लपलेला असतो. टेदरिंगचं बटण फिकं दिसत असेल तर केबल बदला. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलींनी भल्याभल्यांना फसवलंय.

विंडोज ११ होमचा सेटअप तर डेस्कटॉप दिसण्याआधीच इंटरनेट मागून अडून बसतो. तिथेही हाच फोन जोडून पुढे जाता येतं.

राहिलं ‘पुन्हा फॉरमॅट मारा’. तोच पेन ड्राइव्ह, तीच आयएसओ, तोच साठा. पहिल्या खेपेला जो ड्रायव्हर त्यात नव्हता तो दुसऱ्या खेपेला कुठून येणार? उलट यात नुकसान होऊ शकतं. विंडोज टाकताना पार्टिशन फॉरमॅट केलं नसेल, तर जुना संसार सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये अजून पडून असतो. त्याच्या आत विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हरस्टोअर, मग फाइलरिपॉझिटरी. ‘अपडेट ड्रायव्हर’ला हे फोल्डर दाखवा, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक ठेवा, आणि कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर इंटरनेटशिवाय परत मिळू शकतो. मेसेजचं ऐकून दुसऱ्यांदा फॉरमॅट मारलंत, तर हे फोल्डर गेलं.

ज्यांनी अजून फॉरमॅट मारलेलं नाही, त्यांनी आधी विंडोजमधल्या पीएनपीयूटिल (pnputil) या कमांडच्या ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’नं बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून घ्यावेत. विंडोज १० मध्ये ही सोय आवृत्ती १६०७ पासून आहे. पेन ड्राइव्ह मात्र विंडोज टाकायचा तोच घेऊ नका. मी घेतला होता, आणि नंतर त्यावर नवी आयएसओ लिहिताना सगळे ड्रायव्हर पुसले गेले.